लोकरीचा वास

सोमवार, १७ एप्रिल १९३३
नाटे

आमच्या शाळेच्या मुख्य बाई, यमुनाबाई, मुलींना नेहमी सांगतात की रोज पाच ओळी लिहाव्यात, त्याने अक्षर सुधारतं आणि डोकं थंड राहतं. माझं अक्षर चांगलंच आहे. तेव्हा ही वही डोक्यासाठी.

काल बोटीने जैतापूरला उतरले आणि होडीने खाडी ओलांडून घरी आले. सुट्टी सात आठवड्यांची. मुली आंबे खाणार आणि मी लोकर विणणार. रत्नागिरीला मुलींच्या शाळेत मी दोन वर्षं हंगामी आहे. हंगामी म्हणजे सुट्टी लागली की आपण शाळेच्या आहोत की नाही, हे शाळेलाही ठाऊक नसतं. आता जूनपासून हस्तकामाच्या बाईंची एक जागा कायम होणार आहे. उमेदवार दोघी, मी आणि सखूबाई. यमुनाबाईंनी दोघींना मोजून सारखी लोकर दिली आणि सांगितलं, “शाळा उघडेल त्या दिवशी बारा नग माझ्या टेबलावर हवेत. लहान मुलांची चार टोपडी, चार जोड पायमोजे, दोन जोड हातमोजे, दोन गळपट्टे. जिचं काम चांगलं तिला जागा.” नग पुढे पुण्याच्या प्रदर्शनात जाणार.

कोकणात लोकरीचं टोपडं! इथे तान्ह्या मुलाच्या अंगावर घामोळं मावत नाही. पण सांगते कोणाला? मला ती जागा हवी. सातवी पास झालेली खारव्याची मुलगी आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर मी एकटी. परत येऊन मासळी वाळत घालायची असेल तर सातवी कशाला व्हायचं होतं?

एक गोष्ट लिहूनच टाकते, म्हणजे ती डोक्यातून जाईल. मार्चमध्ये शिमग्याच्या सुट्टीत मी घरून नमुन्याचा एक मोजा करून नेला होता. सखूबाईंनी तो हातात घेतला, नाकाला पदर लावला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “तुळसाबाई, तुमच्या मोज्यांना पाय नकोतच. ते आपले पोहत जातील.” सगळ्या हसल्या. यमुनाबाई हसल्या नाहीत, पण एवढं म्हणाल्या की काम स्वच्छ हवं.

लिहिलं तरी डोक्यातून गेलं नाही.

गुरुवार, २० एप्रिल

या घरात लोकर ठेवायची कुठे? माळ्यावर सुकट, माच्याखाली खारं, पडवीत जाळी, अंगणात बोंबील. पांढऱ्या लोकरीची लड मडक्यात घातली, वर सुरंगीच्या फुलांचे वाळके वळेसर टाकले, तोंडाला फडकं बांधलं. सकाळी उघडून हुंगली. सुरंगी आणि सुकट, दोन्ही नांदत होती.

जेवताना मी तोंड सोडलं. सखूबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, नाकाला पदर लावून दाखवलं. आजा हसला. माझा आजा भागोजी जाळी विणतो, त्याला सगळ्याचंच हसू येतं. म्हणाला, “मग काय झाला? पोहतील तर बुडायचे तरी न्हाईत.” आई हसली नाही. ताटातला बोंबील तिने तसाच बाजूला ठेवला.

मला वाटलं होतं, निदान आई तरी म्हणेल की त्या सखूबाईचं तोंड फोडते.

सोमवार, २४ एप्रिल

टोपडं एक झालं. दुसरं उसवलं. हाताला इतका घाम येतो की सुई सरकत नाही, लोकर बोटांना चिकटते आणि टाका ओढला की करकर आवाज येतो. दर दहा टाक्यांना हात राखेने पुसते. पांढरी लोकर करडी दिसायला लागली.

आईने मासळी वाळवायचं सगळं सामान, चटया, काठ्या, टोपल्या, पार वाडीच्या टोकाला चिमाच्या अंगणात हलवलं. चिमाचं अंगण मोठं, म्हणून असेल. मात्र आता ती सकाळी गेली की दुपार उलटल्यावर घरी येते. माझा चहा मलाच करावा लागतो. सुट्टी म्हणजे विश्रांती असं कोणी लिहून ठेवलंय कोण जाणे.

शनिवार, २९ एप्रिल

आईला या वयात सोवळ्याची हौस आली आहे. चिमाकडून आली की आधी विहिरीवर, डोक्यावरून पाणी. मग रिठ्याने हात घासणं. संध्याकाळी पुन्हा. काल तर मी दिवा लावून बसले आणि ती तिसऱ्यांदा न्हाली. विहिरीने तळ गाठला आहे, आजा ओरडला, “आवडे, मान्सांना प्यायला ठेवशील का न्हाय गो?” तिने उत्तर दिलं नाही. आमच्या आईला उत्तर देण्याचा आळस आहे, तो मी तिच्याकडून घेतला नाही ही देवाची कृपा.

रात्री ती पडवीत झोपते. आत उकडतं म्हणते. उकडतं ते खरंच, पण पडवीत डास फोडून काढतात. मी म्हटलं, आये, आत ये. ती म्हणाली, “तुजी लोकर हाय आत. झोप तू.” लोकर काय जागा अडवते का?

बुधवार, ३ मे

चौथा गळपट्टा. म्हणजे दुसराच, पण चौथ्यांदा विणलेला. तो सरळ येत नाही, एका टोकाला रुंद होतो. कुठे तरी मी टाके वाढवते आणि मला कळत नाही. आज चिडून सुया अंगणात फेकल्या. एक सापडली, दुसरी आजाने कोंबडीच्या खुराड्यामागून शोधून आणली. माझ्या हातात देताना म्हणाला, “जाळ्यावर राग काढला तर मासा हसतो.” मला म्हणी नकोत, मला जागा हवी आहे.

सोमवार, ८ मे

पायमोज्याच्या टाचेपाशी गाडी अडली आहे. पाय सरळ विणता येतो, पण टाच वळवायची कशी? यमुनाबाईंनी दिलेलं पुस्तक इंग्रजी. मला इंग्रजी येतं ते पहिल्या पुस्तकापुरतं. त्यात मांजर आहे, चटई आहे, टाच नाही. चित्रात बाण काढले आहेत. ते बाण पाहून मी तीन दिवसांत पाच टाचा विणल्या. एक नारळाच्या शेंडीसारखी झाली, बाकीच्यांना उपमाच नाही.

आणि जेवायला काय? कुळथाची पिठी. काल कुळथाची पिठी, परवा फणसाची भाजी, आज पुन्हा पिठी. मे महिना आहे, होड्या भरून येतात आणि खारव्याच्या घरात पंधरा दिवस चुलीवर मासा चढलेला नाही! मी म्हटलं, “आये, आपण कोणाचं सुतक पाळतोय का?” आई म्हणाली, “धुराचा वास बसतो.” कशाला बसतो ते सांगायच्या आधी आजाने पाणी मागितलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

शनिवार, १३ मे

टाच वळली! पण त्याचाही त्रासच झाला, तो असा.

सकाळी आजा पडवीत जाळं घेऊन बसला होता. माझं सहावं सोंग पाहून म्हणाला, “अगो, ह्ये तर जाळ्याच्या शेपटासारखं काम. रुंद असताना हळूहळू आवळीत न्यायचं. शेपटाला अख्ख्या नाट्यात तुज्या आयशीच्या हाताचा मान. तिला इचार.” मी विचारणार नव्हते. बांबूच्या सुईने ताग ओवणारी बाई मला लोकर काय शिकवणार? दुपारी आई चिमाकडून आली ती न्हालेली नव्हती. ती अंगणातच उभी राहिली. आजाने तिथूनच तिला सांगितलं.

मी मोजा उंच धरून दाखवला. ती लांबूनच डोळे बारीक करून बघत राहिली. मी म्हटलं, जवळ येऊन बघ ना. तिने नुसती मान हलवली. मग काठी घेऊन वाळूत रेघा मारल्या आणि म्हणाली, “मधले निम्मे धर. पल्याड जा, शेवटचे दोन एकात घे, आनि तिथूनच माघारी फीर. टोकाला जाऊच नको. पुन्ना दोन एकात, पुन्ना माघारी. आपोआप वाटी व्हते.”

तिथूनच माघारी! पुस्तकातले बाण हेच सांगत होते आणि मी प्रत्येक वेळी टोकापर्यंत जात होते. संध्याकाळपर्यंत टाच वळली, गोल, गुळगुळीत, बाळाचीच वाटावी अशी. मी धावत दाखवायला गेले तर आईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. “नको, मी आता मासळी चाळली.” नुसतं बोट लावून पाहिलं असतं तर काय झालं असतं? मुलीचं कौतुक करायला काही लोकांना जमतच नाही.

मंगळवार, १६ मे

सुईला फणसाचा चीक लागला. एक हातमोजा गेला. आज एवढंच लिहिते, नाहीतर मुलींनी वाचू नयेत असे शब्द येतील.

शनिवार, २० मे

अकरा नग झाले! बारावा, हातमोज्याचा शेवटचा जोड, अंगठ्यावर आला आहे. शेवटची बोट पंचवीस तारखेला. त्यानंतर समुद्र बंद, थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. त्या बोटीने मी रत्नागिरीला जाईन आणि शाळा उघडेपर्यंत खोलीवर राहीन.

काम चांगलं झालं आहे. मी माझ्या तोंडाने म्हणते. पण वास! रोज रात्री एकेक नग काढून हुंगते. टोपड्यांना कमी, गळपट्ट्यांना जास्त. आजही सगळे माच्यावर मांडून हुंगत बसले होते. आई दाराबाहेर उभी होती, मला कळलंही नाही. तिने विचारलं, “अजून येतो?”

मी म्हटलं, “येतो.”

“लय?”

“सखूबाईंना पुरेल एवढा.”

ती तशीच विहिरीकडे गेली.

सोमवार, २२ मे

लिहिता येत नाही. तरी लिहिते.

काल रात्री बारावा नग संपला. आज सकाळी बोटीची चौकशी करायला आणि पुठ्ठ्याची पेटी आणायला मी जैतापूरला गेले. पेटी छान मिळाली, आतून निळा कागद लावलेली. परत आले तर किनाऱ्यावर धूर. आज जाळ्यांना साल द्यायचा दिवस होता. आमच्याकडे पावसाच्या आधी सगळी जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळतात, म्हणजे ती कुजत नाहीत आणि वर्षभराचा घाण वास जातो. मोठी काहील रटरटत होती. बायका भोवती होत्या. काठीवर जाळी निथळत होती, आणि जाळ्यांच्या शेजारच्या काठीवर माझी टोपडी.

तांबडी. काथासारखी तांबडी. मी एक हातात घेतलं. चार बोटंसुद्धा आत जाईनात. आटून करवंटीएवढं झालेलं, जाड, कडक, टाका न् टाका एकमेकांत रुतलेला. मोज्यांची टाच कुठे आणि बोटं कुठे ते कळत नव्हतं. गळपट्टे वितीएवढे.

आई म्हणाली, “वास पार गेला बघ. हुंग.” तिचं तोंड हसरं होतं. मग तिने माझं तोंड पाहिलं.

मी काय बोलले ते लिहिते, कारण लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःलाच सांगेन की तसं बोलले नव्हते. सगळ्या वाडीसमोर मी ओरडले, “वास लोकरीला नव्हता, तुझ्या हातांना आहे! ते कातडी सोलून सालीत उकळलेस तरी जायचा नाही!”

काहील रटरटत होती तेवढाच आवाज.

मंगळवार, २३ मे

आई जेवली नाही. मीही जेवले नाही. आजा दोघींच्या वाटचं जेवला आणि म्हणाला, “मी तरी कशाला उपाशी मरू?”

लोकर मोजून दिलेली. उरली आहे जेमतेम दीड लड. अशी लोकर मुंबईहून येते. एक मोजाही नीट व्हायचा नाही. पाच आठवड्यांचा घाम काहिलीत गेला आणि शिवाय सगळी वाडी मलाच नावं ठेवते आहे. लोकर गरम पाण्यात आटते एवढं कळू नये? पण कळणार तरी कसं? या घरात लोकर कधी होती? ताग उकळला तर घट्ट होतो, टिकतो. तिने माझ्या लोकरीचं तेच केलं जे ती तिच्या सगळ्यात चांगल्या जाळ्याचं करते.

हे वाक्य मी लिहिलं खरं, पण राग गेलेला नाही.

बुधवार, २४ मे

दुपारी चिमा आली. हातात आमची टोपली, पाठीवर आमच्या चटया. अंगणात आपटून म्हणाली, “घे गो बाय तुमचं सामान. म्हैनाभर माज्या अंगनात तुज्या आयशीनं मासळी घातलान, माजी पोरं कुठं खेळू? तिला इचारलं तर म्हनते, माज्या पोरीच्या लोकरीला वास लागतो. आता लोकर शिजली ना? मग घालू दे आपल्या दारात.”

मी चटया हातात घेऊन उभी राहिले.

महिनाभर. चिमाचं अंगण. तीन वेळा न्हाणं, रिठे, पडवीतले डास. कुळथाची पिठी. पाठीमागे घेतलेले हात. मी हे सगळं याच वहीत लिहून ठेवलं आहे, तारीखवार, सुंदर अक्षरात, आणि वर तिला नावं ठेवली आहेत. मुलींना मी शिकवते की वाचताना अर्थ समजून वाचा. मला स्वतःचीच वही वाचता आली नाही. इतकी चीड मला त्या सखूबाईचीही कधी आली नव्हती.

आई चुलीपाशी होती. मी दारापर्यंत गेले. तिने वळून पाहिलं आणि लगेच पदराला हात पुसायला लागली. ते पाहून मी दारातूनच परत फिरले. उद्या बोलेन.

गुरुवार, २५ मे
रत्नागिरी

बोलले नाही.

सकाळी आजा आणि आई होडीपर्यंत आले. आई पाण्यापासून लांब, माडाखाली उभी राहिली. गाठोडं तिने आजाच्या हाती दिलं आणि आजाने माझ्या. मी म्हणणार होते, आये, इकडे ये. पण होडीत चार लोक होते, ओहोटी सुरू झाली होती, होडीवाला ओरडत होता, आणि मी मूर्खासारखी पेटी सांभाळत बसले. निळा कागद लावलेली पेटी, आत तांबडी लोकर. होडी सुटली. बोटीवर चढले तेव्हा वळून पाहिलं, किनाऱ्यावरचं माणूस कोणतं ते ओळखू येत नव्हतं.

आता समुद्र बंद.

शनिवार, २७ मे

गाठोडं आज सोडलं. वर आंबोशी, कोकमं, पोह्याचे लाडू. तळाशी कागदाच्या पुडीत पांढऱ्या लोकरीचे दोन पायमोजे.

माझे नाहीत. उरलेल्या दीड लडीचे. आईने ते जाळ्याच्या सुईने विणले आहेत, जाळ्याच्या गाठींनी. प्रत्येक टाक्याला गाठ आणि दोन गाठींच्या मधे डोळा, त्यातून करंगळी जाते. ऊब कसली, त्यातून वाराच जाईल. पण टाच मात्र गोल आणि नेमकी. दोन रात्रींत केले असणार, न जेवता. एक नग तरी पोरीच्या हाती असावा म्हणून.

त्यांना वास येत होता. मासळीचा, चुलीच्या धुराचा, आईचा. मी ते कपड्यांच्या ट्रंकेत अगदी तळाशी ठेवले.

सोमवार, ५ जून

शाळा उघडली. सखूबाईंचे बारा नग टेबलावर, पांढरेशुभ्र, गुलाबी फिती लावलेले. मग माझी पेटी. यमुनाबाईंनी झाकण काढलं आणि तांबडं टोपडं चिमटीत धरलं. “हे काय आहे, तुळसाबाई?”

मी सांगितलं, ऐनाच्या सालीत उकळले.

“कोणी?”

सखूबाई माझ्याकडे बघत होत्या. नाकाला पदर लावायची तयारी होतीच. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात सुटले असते, घरच्या अडाणी माणसाने घोटाळा केला. यमुनाबाई न्यायी आहेत, त्यांनी मला आणखी लोकर दिली असती. मला ते वाक्य तोंडपाठ होतं. बोटीत बसून मीच तयार केलं होतं.

मी म्हटलं, “मीच.”

“लोकर उकळू नये एवढंही ठाऊक नाही?”

“नव्हतं.”

त्यांनी चष्मा काढला. मग एक सुयांचा जोड आणि लड पुढे सरकवली, म्हणाल्या, विणून दाखवा. मी तिथेच बसून विणलं. टाच वळवली. मधले निम्मे धर, दोन एकात घे, तिथूनच माघारी. पुस्तक उघडावं लागलं नाही. यमुनाबाई बराच वेळ त्या टाचेवरून बोट फिरवत राहिल्या. “हात चांगला आहे,” त्या म्हणाल्या, “पण लोकर उकळणाऱ्या बाईच्या हाती मी वर्ग कायमचा देऊ शकत नाही.”

जागा सखूबाईंना. मला आणखी एक वर्ष हंगामी. खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि मग सखूबाईंच्या गुलाबी फितींना शिव्या दिल्या. फिती लावल्या होत्या, टाच चपटीच होती.

शनिवार, १० जून

आईला पत्र लिहायला पाच दिवस बसते आहे. लिहायचं काय ते ठाऊक आहे. पण आईला वाचता येत नाही. पत्र गावच्या मास्तरांकडे जाईल, ते ओटीवर बसून खणखणीत आवाजात वाचतील, आणि सगळी वाडी ऐकेल. वाडीसमोर ओरडायला मला लाज वाटली नाही, वाडीसमोर माफी मागायला वाटते. असा माझा स्वभाव. आणि माझी माफी ऐकून आईच लाजेने चुलीमागे जाऊन बसेल, ते वेगळंच.

आज ते मोजे काढले. नाकाशी धरले. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. ट्रंकेत गोळ्या होत्या, मीच घातलेल्या. पुन्हा पुन्हा हुंगलं, टाचेपाशी, गाठींच्या मधे. गोळ्यांशिवाय काही नाही. नारळी पौर्णिमा अजून दोन महिन्यांवर.

शेवटी पत्र लिहिलं ते एवढंच: “चि. सौ. आईस सा. न.” असं लिहून खोडलं, आईला कोणी चि. लिहितं का! डोकं जागेवर नाही. दुसरा कागद घेतला. “तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. कोणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर सुके बोंबील पाठव. तुझ्या हातचे. जास्त पाठव.”

रविवार, २५ जून

आज धाकू आला. आमच्या वाडीतला, उद्या कोर्टात साक्ष आहे म्हणून आलेला. राजापूरपर्यंत चालत, तिथून पालीवरून मोटारीने. पावसाने चिंब. काखेत एक बोचकं, ते मात्र कोरडं.

म्हणाला, “आवडाबायनं दिलान. मास्तरानं पत्र वाचल्यावर तिनं त्याच्याकडून आनखी दोनदा वाचून घेतलान. आनि सांगितलान, बोचकं शाळेत सोडू नको म्हनावं, पोरीला लोक बोलतील. रात्री गुपचूप सोड म्हनावं.” मग कपाळाला हात लावून म्हणाला, “बोंबील हायत म्हनून मोटारीत कोन बसू देईल का, अशी भीती होती मला. पन शेजारच्याला वाससुद्धा आला न्हाय.”

तो गेल्यावर मी सोडायला बसले. वर मेणकापड, सुतळीने आवळलेलं. त्याच्या आत गोणपाट. मग केळीची सोपटं, मग पळसाची पानं, मग आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, शिवून बंद केलेला. तो उसवला तर आत पुन्हा पानं, आणि त्यात सुरंगीच्या वाळक्या फुलांची मूठ. प्रत्येक थराला मी थांबून हुंगत होते. काही येत नव्हतं. कुठूनही वास बाहेर पडू नये म्हणून माझ्या आईने किती वेळ घालवला असेल, ते मोजताच येईना. शेवटचं पान काढलं तेव्हा कुठे तो आला, आणि मी बोंबील ओंजळीत धरून रडले. आये, माझं चुकलं, असं मोठ्याने म्हटलं. कोणी ऐकायला नव्हतं.

मग शेगडी पेटवली. शेजारच्या खोलीत सखूबाई राहतात, मधे नुसतं कुडाचं भिंताड. भर दुपारी निखाऱ्यावर आठ बोंबील भाजले. वास कौलांपर्यंत गेला, तिकडे खिडक्या लावल्याचे आवाज आले. सखूबाईंनी हाक मारून विचारलं, “तुळसाबाई, हे काय चाललंय?”

मी म्हटलं, “आईकडून आलेत. या जेवायला.”

आणि दार उघडंच ठेवलं.